वरचे दोन

लोकांना वाटतं क्लॅरिनेट ओठांनी वाजतं.
खालचा ओठ नुसती गादी.
वरचे पुढचे दोन दात म्हणजे खुंट्या,
सगळं गाणं त्यांच्यावर टांगलेलं.

तुळशीची लग्नं उरकली
आणि नाना पेठेतल्या पहिल्याच वरातीत
वरच्या सुराला शिट्टी निघाली.
घोड्याने कान टवकारले.
बाकी कुणाला कळलं नाही,
फक्त साइड ड्रमवाल्या जानू अवघडेला कळलं.
तो काही बोलला नाही, जरा जोरात वाजवत राहिला,
माझ्यावर चादर ओढल्यासारखा.

घरी आरशात डावा दात बोटाने ढकलला.
हलला. खिळा सैल झाला की पाटी हलते तसा.

मग निळी फाइल काढली.
रेशनकार्ड, आधार, आणि मुलीने बँकेतून काढून दिलेली
आरोग्याची पॉलिसी. हप्ता एकही चुकलेला नाही.
टिळक रोडला पहिल्या मजल्यावर, एसीत,
टाय लावलेल्या पोराने बोट फिरवत वाचलं:
हृदय आहे. मूत्रपिंड आहे.
गुडघा आहे, पण दोन वर्षांनंतर.
"दात अपघातात पडला तर आहे, काका.
आपोआप हलला तर नाही."
मी म्हटलं, आपोआप काय हलतं, बाळा?
एकतीस लग्नसराया वाजवल्यात त्याच्यावर.
तो म्हणाला, शिवाय चोवीस तास अ‍ॅडमिट राहावं लागतं.

जिना उतरताना जिभेने मोजले.
बत्तीस नव्हतेच. सव्वीस भरले.
सव्वीस भाडेकरू, एकाचाही करार नाही.

कर्वे रोडच्या दवाखान्यात मऊ सोफा होता,
काचेत मासे होते.
डॉक्टरांनी कागदावर आकडा लिहून
कागद माझ्याकडे फिरवला. तोंडाने बोलले नाहीत.
तेवढ्यात माझ्यासारखे तीन क्लॅरिनेट आले असते,
नवे, पेटीसकट.
हप्त्याने पण देता येतात, म्हणाले.
मी मासे बघून परत आलो.

डेंटल कॉलेजचं मुलीच्या मैत्रिणीने सांगितलं.
सकाळी सातला रांग, केस पेपर चहा-वडापावच्या भावात,
आणि मोठ्या हॉलमध्ये ओळीने खुर्च्या,
प्रत्येकीवर एक उघडं तोंड, हजामतीच्या दुकानासारखं.
मला मिळाली शाल्मली घुगे. परभणीची. तिसरं वर्ष.
हात कापत होता तिचा.
सर येईपर्यंत मीच तिला धीर दिला,
तोंडात आरसा असताना जमेल तेवढा.
तिला परीक्षेआधी पेशंट पुरे करायचे होते,
मला दात. हिशोब सरळ होता.

सहा फेऱ्या झाल्या. हिरड्या साफ केल्या, रक्त आलं,
दर वेळी "सॉरी काका".
पाचव्या फेरीला केसाएवढ्या तारेने
मागच्या बाजूने तिने तो दात शेजारच्यांना बांधला.
एकट्याला उभं राहता येत नाही ना,
म्हणाली, मग बाजूचे धरतात.
त्या टाय लावलेल्या पोराला हे सांगायचं राहिलंय.

सहाव्या फेरीला म्हणाली, वाद्य आणा.
हॉलमध्ये वाजवलं. ती दाताचा कोपरा घासायची, मी फुंकायचो,
ती पुन्हा घासायची.
शेजारच्या खुर्चीतल्या बाई तोंड उघडं ठेवून हसल्या.
सरांनी लांबून विचारलं, काय चाललंय तिकडे?
"चावा तपासतेय, सर."

टिकेल किती, विचारलं.
तिने खोटं सांगितलं नाही.
दोन सीझन, तंबाखू सोडलीत तर.

परवा कोंढव्याला वरात होती.
वरचा सूर लागला तसा ठेवला,
चांगला लांबवला.
थांबलो तेव्हा जानू म्हणाला, शिट्टी गेली.
मग मला खांबाच्या दिव्याखाली नेऊन
त्याने आ केला,
आत मागे, उजवीकडे बोट दाखवलं,
आणि तसाच आ करून विचारलं,
केस पेपर कितीला?